देशी स्पायडर लिली ओळखायची कशी? पानं, कांदा आणि फुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की सह्याद्रीच्या माळांवर आणि ओढ्याकाठी पांढऱ्या लिली उमलायला लागतात, आणि लगोलग फोटो पाठवून 'ही कोणती?' असं विचारणंही सुरू होतं. बहुतेक फोटो डोक्यावरून काढलेले असतात. त्यात सहा पांढऱ्या पाकळ्या छान दिसतात, पण ओळख पटवायला त्यांचा उपयोग फारसा नाही. फुलाच्या मधली पडद्याची वाटी, पानांची मांडणी आणि बी एवढं पाहिलं तर बहुतेक वेळा निकाल लागतो. इथली उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या झाडांपुरती आहेत. अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक प्रश्न शेवटाकडे आहे.

सोसायटीच्या बागेत आणि रस्त्याच्या दुभाजकावर दिसते ती स्पायडर लिली आपलीच ना?

नाही. ती हायमेनोकॅलिस लिटोरॅलिस, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. बाराही महिने हिरवी राहते, गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, कांद्याला कांदे फुटत जातात आणि चार दिवस पाणी मिळालं नाही तरी कुरकुर करत नाही. बाग सांभाळणाऱ्यांना आणखी काय हवं? म्हणून ती सगळीकडे आहे. पानांच्या कडेला पांढरे पट्टे असलेला प्रकार दिसला तर तोही बागेतलाच. रानात तसली पट्टेरी लिली उगवत नाही.

आपल्याकडे 'स्पायडर लिली' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हीच येते. त्यामुळे होतं काय, की डोंगरावरच्या देशी लिलीलाही 'अरे, ही तर आमच्या गेटजवळ आहे' असं म्हणून लोक पुढे जातात.

मग देशी कोणत्या?

दोन गट लक्षात ठेवा: पॅनक्रॅशियम आणि क्रायनम. दोन्ही अ‍ॅमरिलिडेसी कुळातले, म्हणजे नेहमीच्या अर्थाने लिली म्हणतो त्या लिलियम गटाशी यांचं नातं दूरचंच. दोघांनाही जमिनीत पापुद्र्यांचा कांदा असतो, पट्ट्यासारखी पानं असतात आणि बिनपानांच्या दांड्याच्या टोकाला, एकाच ठिकाणाहून फुटलेली पांढरी फुलं असतात.

पॅनक्रॅशियममध्ये आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटते ती पॅनक्रॅशियम पार्व्हम. छोटी, नाजूक, डोंगरउतारावरच्या गवतात उगवणारी. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डॅल्झेल यांनी १८५० मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. पॅनक्रॅशियम ट्रायफ्लोरम तिच्याहून थोराड. क्रायनममध्ये मात्र बरीच मंडळी आहेत: किनाऱ्यावरचा नागदवणा म्हणजे क्रायनम एशियाटिकम, रानातला गडांबीकांदा म्हणजे क्रायनम लॅटिफोलियम, ओढ्या-नद्यांच्या काठी राहणारी क्रायनम व्हिव्हिपॅरम, आणि घाटमाथ्यावरच्या दोन खास, क्रायनम ब्रॅकिनेमा आणि क्रायनम वुड्रोवी. यातल्या सगळ्याच काही कोळ्यासारख्या दिसत नाहीत. गडांबीकांद्याचं फूल चांगलं रुंद घंटेसारखं असतं. पण ओळखताना या सगळ्यांचा एकमेकींशी घोळ होतो, म्हणून एकत्रच घेतल्या आहेत.

फूल समोर आहे. सगळ्यात आधी काय बघू?

वाटी आहे की नाही ते.

फुलाच्या मधोमध, पाकळ्यांच्या आत, पातळ पांढरा पडदा सहाही केसरांना (टोकाला पराग धरणाऱ्या काड्यांना) बुडाशी जोडून त्याची वाटी झाली आहे का? असेल तर ती पॅनक्रॅशियम किंवा बागेतली हायमेनोकॅलिस. नसेल, सहाही केसर पाकळ्यांच्या नळीतून सुटे, आपापले बाहेर आले असतील, तर क्रायनम. ही एक तपासणी अर्धं काम करते आणि त्याला भिंग लागत नाही, उकरावं लागत नाही, फूल तोडावंही लागत नाही. गुडघ्यावर बसून फुलाकडे बाजूने पाहायचं, एवढंच.

एक अडचण येते. पावसाने झोडपलेल्या किंवा दुपारपर्यंत कोमेजलेल्या फुलाची वाटी आत चिकटून बसते आणि दिसतच नाही. ही फुलं बहुधा संध्याकाळी उमलतात, रात्री दरवळतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतात. रात्री लांब सोंडेचे हॉक मॉथ जातीचे पतंग येतात, लांब नळ्यांच्या तळाचा मध त्यांनाच पोचतो. तेव्हा सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला बघायला जा. दुपारी दोन वाजता काढलेल्या फोटोवरून मी सहसा नाव सांगत नाही.

वाटी आहे. पण मग ती देशी पॅनक्रॅशियम की बागेतून सुटलेली हायमेनोकॅलिस?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. फार्महाऊसच्या कुंपणाबाहेर, जुन्या बंगल्यांच्या आवारात, बागेचा कचरा टाकतात त्या नाल्यात हायमेनोकॅलिस आपसूक वाढलेली असते, त्यामुळे 'रानात दिसली' एवढ्यावर भागत नाही.

आधी आकार. हायमेनोकॅलिसच्या फुलाची नळीच वीतभर म्हणावी इतकी, साधारण १४ ते १७ सेंमी. तिच्या टोकापासून अरुंद, लांबलचक पाकळ्या खाली लोंबतात. वाटी मोठी, गाळणीसारखी पसरट. पॅनक्रॅशियम पार्व्हमचं सबंध फूल दोन इंचांच्या आसपास, वाटी जेमतेम नखाएवढी, पाकळ्या ताठ आणि चांदणीच्या आकारात पसरलेल्या.

मग वाटीची कड. इथे जरा वेळ द्या, कारण ओळखीची सगळ्यात देखणी खूण इथे आहे. पॅनक्रॅशियममध्ये दोन केसरांच्या मधल्या जागेत वाटीच्या काठाला दुभंगलेला दात असतो, म्हणजे दर दोन केसरांमध्ये दोन टोकं. सहा केसर, मधे बारा टोकं. दहिवर पडलेल्या सकाळी मोबाईल जवळ नेऊन बाजूने बघितलं की कातरलेली झालर स्वच्छ दिसते. हायमेनोकॅलिसच्या वाटीची कड बहुतेक सपाट किंवा कशीतरी वेडीवाकडी कातरलेली असते. असा शिस्तीतला जोडदात तिथे नसतो. बागेतल्या फुलात केसरांचा वरचा भाग हिरवट आणि पराग गडद नारिंगी असतो, तेही बघून घ्या.

तिसरी खूण पानांची. हायमेनोकॅलिसची पानं गडद हिरवी, जाडसर, हाताच्या दोन-तीन बोटांइतकी रुंद, आणि समोरासमोरच्या दोन रांगांत पंख्यासारखी निघतात. झाड हिवाळ्या-उन्हाळ्यातही तसंच उभं. पॅनक्रॅशियम पार्व्हमची पानं अरुंद, गवतात हरवून जातील अशी, आणि पावसाळा सरला की जमिनीवर तिचं नाव-निशाण उरत नाही. मार्चमध्ये हिरवीगार असलेली 'देशी पॅनक्रॅशियम' कुणी दाखवली तर ती बागेतली आहे, असं धरून चाला.

एवढ्यानंही खात्री पटली नाही तर महिनाभर थांबा आणि बी बघा. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

वाटी नाही, म्हणजे क्रायनम. पण कोणती?

इथे जागा आणि पाकळ्यांची रुंदी दोन्ही पाहाव्या लागतात.

समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी किंवा कोकणातल्या परसात कुंपणाला, कमरेइतकं उंच झाड, हातभर लांब आणि तळहाताएवढी रुंद पानं, जमिनीच्या वर पानांच्या बुडांचा जाड खांब झालेला, आणि एकाच दांड्यावर पुष्कळ फुलं असतील तर तो नागदवणा. पाकळ्या अगदी अरुंद, मागे वळलेल्या. केसरांचे दांडे तांबूस-जांभळे. देशी क्रायनममध्ये 'कोळी' नाव याला सगळ्यात शोभतं. बागांमध्येही हा भरपूर लावतात, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात दिसला तर तो लावलेला समजावा.

गडांबीकांद्याच्या पाकळ्या रुंद, पांढऱ्यावर मधून फिकट गुलाबी पट्टा, नळी किंचित वाकलेली आणि केसर एका बाजूला झुकलेले. बागेत 'मिल्क अँड वाइन' म्हणून जे गुलाबी पट्ट्यांचे संकर मिळतात त्यांच्याशी याचा गोंधळ होतो. संकरांमध्ये पट्टे सहसा जास्त ठसठशीत असतात, पण वस्तीजवळ सापडलेल्या झाडाबद्दल छातीठोक बोलू नये हे बरं.

ओढ्यात, नदीच्या गाळात, पाण्याला लागूनच अरुंद आणि पन्हळीसारखी खोलगट पानं असतील, फूल पांढरं, पाकळ्या सडपातळ, केसर तांबूस, तर क्रायनम व्हिव्हिपॅरम. जुन्या पुस्तकांत हीच क्रायनम डिफिक्सम नावाने सापडते. पूर आला तरी हिचा कांदा गाळात रुतून राहतो, आणि बाजूला नवे फुटवे फुटत जातात, म्हणून ही एकटी क्वचित दिसते. दिसला तर काठाने पट्टाच दिसतो.

आणि घाटमाथ्याच्या दोघी. क्रायनम ब्रॅकिनेमा फुलते तेव्हा तिला पानंच नसतात. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघड्या जमिनीतून थेट फुलांचा दांडा वर येतो, पानं मागाहून. फूल सुवासिक, पाकळ्या रुंद, आणि गंमत म्हणजे केसर इतके आखूड की फुलाच्या घशातच राहतात, बाहेर डोकावतच नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट यांनी १८४२ मध्ये दिलेल्या नावाचा अर्थही तोच, आखूड केसरांची. बाकी कुठल्याही क्रायनममध्ये तुम्हाला असे दडलेले केसर दिसणार नाहीत, त्यामुळे एकदा पाहिली की ही विसरत नाही.

क्रायनम वुड्रोवीचं नाव पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि गणेशखिंडीची बाग सांभाळणाऱ्या जी. मार्शल वुड्रो यांच्यावरून. महाबळेश्वरची ही लिली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नोंदली गेली आणि मग सुमारे शतकभर कुणाच्या नजरेस आली नाही. पुढे केट्स पॉइंटच्या परिसरात ती पुन्हा सापडली. तिची संख्या अतिशय कमी आहे. दिसली असं वाटलं तर फोटो काढा, हात लावू नका आणि नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका.

फूल नाहीच, नुसती पानं आहेत. काही सांगता येईल?

गट सांगता येतो, जात सांगणं अवघड. पानं जमिनीलगतच्या एकाच ठिकाणाहून निघतात का बघा. मधे खोड किंवा फांद्या असतील तर ही लिली नव्हे. शिरा पानाच्या लांबीने एकमेकींना समांतर असतील, पण पान उभ्या घड्यांचं दुमडलेलं असेल तर तुम्ही काळी मुसळी किंवा एखाद्या जमिनीवरच्या ऑर्किडकडे बघताय.

क्रायनमच्या पानाची एक सोपी खूण आहे. आधीच फाटलेलं किंवा गुरांनी तुडवलेलं पान मिळालं तर ते आडवं मोडून दोन्ही तुकडे हळूच लांब करा. मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, चकाकते धागे ताणले जातात. कांद्याच्या पापुद्र्यातही तसेच निघतात. एवढ्यावर नाव ठरवू नका, इतरही काही कंदवर्गीय झाडांत असे धागे मिळतात, पण इतर खुणा जुळत असतील तर बाजू भक्कम होते. गडांबीकांद्याच्या पानाच्या कडेवरून टोकाकडून बुडाकडे बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते. नागदवण्याची कड गुळगुळीत.

रुंदीचा ढोबळ अंदाज: बोटापेक्षा अरुंद पान डोंगरउतारावर, तर पॅनक्रॅशियम पार्व्हमचा संशय, दोन-तीन सेंमी रुंद आणि पन्हळी पान पाण्यात, तर व्हिव्हिपॅरम, सात-आठ सेंमी किंवा त्याहून रुंद, तर गडांबी किंवा नागदवणा. कोवळ्या झाडाची पानं कुठल्याही जातीची अरुंदच असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

रानभाजी गोळा करताना ही पानं फोडशीत मिसळली जाऊ शकतात का?

हो, आणि हे पान लिहिण्यामागचं निम्मं कारण हाच प्रश्न आहे.

पहिल्या पावसानंतर फोडशी, म्हणजे कुळूची भाजी, माळावर उगवते, तेव्हाच आणि तिथेच पॅनक्रॅशियमची कोवळी पानंही वर येतात. दोन्ही अरुंद, दोन्ही हिरवी, दोन्ही गवतातून बुडापासून निघालेली. रानात वाढलेल्या बाया चुकत नाहीत. त्यांना झाड लांबूनच कळतं. घोळ होतो तो शहरातून हौसेने रानभाजी खुडायला गेलेल्यांचा.

फरक जमिनीखाली आहे. फोडशी हे क्लोरोफायटम. तिला कांदा नसतो, मांसल मुळ्यांचा झुपका असतो. लिलीच्या पानांच्या बुडाशी पापुद्र्यांचा गोल किंवा लांबट कांदा असतो. फुलावर आलेलं झाड असेल तर काम सोपं: फोडशीची छोटी पांढरी फुलं दांडीवर ओळीने, अंतराअंतराने लागतात, आणि बी धरणारा हिरवा गोळा पाकळ्यांच्या आत असतो. लिलीत सगळी फुलं दांड्याच्या टोकाला एकत्र, आणि तो हिरवा गोळा पाकळ्यांच्या नळीच्या खाली.

अ‍ॅमरिलिडेसी कुळातल्या या लिलींमध्ये लायकोरिन आणि तत्सम अल्कलॉइड असतात. पोटात गेले तर मळमळ, उलट्या, लाळ गळणं, जुलाब. कांद्यात त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त. शिजवल्याने विष जातं या भरवशावर राहू नका. खाऊन त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि उरलेली भाजी किंवा झाडाचा तुकडा सोबत न्या. आणि फोटो पाहून 'खाण्यासारखी आहे का' हे मी कुणालाही सांगत नाही, कितीही स्पष्ट फोटो असला तरी. भाजी विकत घ्या, विकणारीला कशी निवडायची ते विचारा, ती कौतुकाने सांगते.

कांदा उकरून पाहिला तर ओळख पक्की होईल का?

फार थोडी. तपकिरी पापुद्रे, खाली पांढऱ्या मुळ्यांचा गुच्छ, वर मान. पॅनक्रॅशियम पार्व्हमचा कांदा लहान, गडांबीचा मुठीएवढा किंवा त्याहून मोठा, व्हिव्हिपॅरमचा मध्यम आणि बाजूने फुटवे काढणारा. नागदवण्याचा कांदा वर लांब मानेत, जवळजवळ खोडातच जातो. पण लहान गडांबी आणि मोठी पॅनक्रॅशियम यांचे कांदे शेजारी ठेवले तर जाणकारही चाचपडेल. एवढ्यासाठी झाड मुळापासून काढण्यात अर्थ नाही. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर झाडं उकरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हाच आहे.

कांदा बघायचाच असेल तर दरड कोसळलेल्या कडेला, ओढ्याने माती खाल्लेल्या काठाला बघा. निसर्गाने उघडे पाडलेले कांदे पावसाळ्यात भरपूर दिसतात.

कांदा आहे, पण कांद्याचा वास येत नाही. असं का?

कारण तो आपल्या भाजीतला कांदा नव्हे. पान चुरगळून कांदा-लसणासारखा उग्र वास आला नाही, तर ते खायच्या कांद्याचं झाड नाही, एवढं नक्की. उलटं मात्र धरू नका. वास आला म्हणजे खाण्यासारखं, असा नियम नाही.

कोळकांदा आणि या लिली एकच का?

नाही. कोळकांदा, ज्याला रानकांदाही म्हणतात, तो ड्रिमिया इंडिका. त्याचा फुलांचा दांडा उन्हाळ्यात बिनपानांचा, बारीक आणि उंच येतो आणि त्यावर मळकट तपकिरी छोटी फुलं ओळीने लोंबतात. पांढरी मोठी फुलं नाहीत, झुपका नाही. पानं आल्यावर मात्र फसगत होते. हाही विषारी आहे आणि कांदा हाताळल्यावर अंगाला खाज सुटते.

फळ आणि बी यावरून ओळखता येते म्हणता, ते कसं?

माझ्या मते सगळ्यात खात्रीची आणि सगळ्यात दुर्लक्षित खूण हीच. फूल गेलं की लोक पाठ फिरवतात.

पॅनक्रॅशियमचं फळ सुकतं, तीन भागांत उकलतं आणि आत काळ्या, कोनेदार बिया दिसतात, पुष्कळ. क्रायनमचं फळ असं नीट उकलत नाही. ते फुगतं, त्याच्या वजनाने दांडा जमिनीवर लोळतो, आणि आतून मोठ्या, हिरवट-राखाडी, ओबडधोबड, गुळगुळीत मांसल बिया निघतात, मोजक्याच. त्यांना कडक कवच नसतं. त्या पाणी, माती कशाचीच वाट बघत नाहीत. टेबलावर ठेवलेली बीसुद्धा कोंब काढते. नागदवण्याची बी पाण्यावर तरंगते आणि समुद्राच्या लाटांबरोबर नव्या किनाऱ्याला लागते. हायमेनोकॅलिसची बीही हिरवी आणि मांसल.

म्हणजे वाटी असलेलं फूल आणि काळी बी, तर देशी पॅनक्रॅशियम. वाटी असलेलं फूल आणि हिरवी मांसल बी, तर परदेशी हायमेनोकॅलिस. इथे वाद संपतो.

बघायला कधी आणि कुठे जावं?

मे अखेर ते जुलै. पहिला जोरदार पाऊस झाल्यापासून पुढचे पंधरा दिवस पॅनक्रॅशियम आणि ब्रॅकिनेमासाठी सगळ्यात चांगले. मुळशी, मावळ, सिंहगडाचा परिसर, पाचगणी-महाबळेश्वर, कोल्हापूरचा घाटमाथा. कासला सगळे सप्टेंबरमध्ये जातात, तोवर या लिली आटोपलेल्या असतात. पश्चिम घाटातली अनेक ठिकाणं २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि कास त्यात येतं, तेव्हा आखून दिलेली वाट सोडू नका. नागदवण्यासाठी कोकण आणि गोव्याचा किनारा. व्हिव्हिपॅरमसाठी डोंगर उतरून आलेली कुठलीही जरा शांत नदी.

फोटो कसे काढू म्हणजे नाव सांगता येईल?

फुलाचा बाजूने, नळी आणि वाटी दिसेल असा एक. समोरून केसरांचा एक. सगळी फुलं जिथून फुटतात त्या टोकाचा एक, तिथली दोन कागदी आवरणं दिसली पाहिजेत. पानं जमिनीतून निघतात त्या बुडाचा एक, आणि आजूबाजूच्या जागेचा एक. शेजारी नाणं किंवा पेन ठेवा. जमलं तर महिन्याने त्याच जागी जाऊन फळाचा.

मोबाईलच्या अ‍ॅपने हायमेनोकॅलिस सांगितलं. विश्वास ठेवू?

डोळे झाकून नको. अ‍ॅपला बागेतल्या झाडांचे फोटो अमाप मिळालेले असतात, घाटातल्या लिलीचे थोडे, त्यामुळे वाटी दिसली की ते ओळखीच्या नावाकडे झुकतं. सुचवलेल्या नावाला वाटीची कड आणि पानांची रुंदी लावून बघा.

पानांवर काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या आहेत. झाड मरेल का?

पावसाळ्यात लिलींवर आणि कळलावीवर पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या अळ्या येतात. दोन दिवसांत पानांचा फडशा पाडतात. रानात त्यांना तसंच राहू द्या, कांदा शाबूत असला तर पुढे पानं परत फुटतात. कुंडीतल्या झाडावर असतील तर हाताने वेचून काढा.

नागदवण्याचा रस कानात घालतात, गरम पान सुजेवर बांधतात. चालतं का?

पान शेकून मुकामारावर बांधायची पद्धत कोकणात जुनी आहे. सुदर्शन नावानेही क्रायनम घराघरांत लावलेलं असतं. पण रस कानात घालू नका, पोटात तर मुळीच नको. कान दुखत असेल तर आत पडदा फाटला आहे की नाही हे घरी कळत नाही.

गुलाबी पावसाळी लिली आणि लाल चेंडूची लिली देशी आहेत का?

दोन्ही नाहीत. झेफिरँथस अमेरिकेतून आली, चेंडूसारखी फुलणारी स्कॅडोक्सस आफ्रिकेतून.

आम्ही अमेरिकेत राहतो. इथे तळ्याकाठी दिसते ती स्पायडर लिली?

तुमच्याकडे हायमेनोकॅलिसच देशी आहे, म्हणजे आपल्याकडची परदेशी तुमच्या दारची. जात मात्र दुभाजकावरची नव्हे. टेक्सास आणि लुइझियानाच्या दलदलीत वसंतात फुलते ती बहुधा हायमेनोकॅलिस लिरिओस्मी. अलाबामा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनात नदीच्या वाहत्या पाण्यात, खडकांच्या फटींत उभी असलेली हायमेनोकॅलिस कोरोनारिया तर बघण्यासारखी आहे; अलाबामात तिला कहाबा लिली म्हणतात आणि ती मे-जूनमध्ये भरात असते. वाटी, पानं आणि हिरवी बी हे निकष तिथेही कामाला येतात, फक्त पॅनक्रॅशियमची शक्यता सोडून द्या.

देशी लिली घरी लावायची आहे. रानातून एखादा कांदा आणला तर?

आणू नका. नागदवणा आणि गडांबीकांदा रोपवाटिकेत विचारलं तर मिळतात. क्रायनमची बी दांड्यासोबत जमिनीवर लोळत असते. संरक्षित क्षेत्राबाहेर, जागामालकाची परवानगी असेल तर एखादी बी पुरते. ओल्या मातीवर नुसती ठेवायची, वर माती लोटायची नाही. कोंब आधी खाली जातो, त्याच्या टोकाला चिमुकला कांदा धरतो आणि मग पान वर येतं. फुलायला काही वर्षं लागतात. कुंडी खोल घ्या आणि पावसाळ्यानंतर पानं सुकलेल्या जातींना उन्हाळ्यात पाणी देऊ नका, नाहीतर कांदा सडतो.